वाचणाऱ्याला मोफत, बनवणाऱ्याला विकत: अ‍ॅक्रोबॅट रीडरचे प्रकरण

जून १९९३ मध्ये अ‍ॅडोबी सिस्टिम्स या कंपनीने अ‍ॅक्रोबॅट ही सॉफ्टवेअरची मालिका बाजारात आणली, तेव्हा तिच्यातील प्रत्येक घटकाला किंमत होती. पीडीएफ फाइल नुसती उघडून वाचण्यासाठी लागणारा रीडर हा प्रोग्रॅमसुद्धा सुमारे ५० डॉलरना विकला जात होता. पुढच्याच वर्षी कंपनीने तो विनामूल्य केला आणि त्यानंतर त्याला पुन्हा कधीही किंमत लावली नाही. एखादी वस्तू फुकट देणे हा व्यापारी शहाणपणा आहे की आतबट्ट्याचा व्यवहार, या प्रश्नावर बोलताना हे उदाहरण वारंवार पुढे केले जाते. मात्र बहुतेक वेळा ‘मोफत दिले आणि जग जिंकले’ एवढ्यावरच ते संपवले जाते. प्रत्यक्षात काय मोफत दिले, काय जाणीवपूर्वक राखून ठेवले, त्याची किंमत कोणी मोजली आणि ती किती वर्षे मोजावी लागली, हे तपासल्याशिवाय या प्रकरणातून काही हाती लागत नाही.

पार्श्वभूमी

जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अ‍ॅडोबीची स्थापना केली. दोघेही झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून बाहेर पडलेले होते. पानावर अक्षरे, रेषा आणि चित्रे नेमकी कुठे व कशी उमटवायची हे संगणकाने प्रिंटरला सांगण्यासाठी त्यांनी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा तयार केली. १९८५ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या लेझररायटर प्रिंटरने ती वापरली, मागोमाग इतर उत्पादकांनीही तिचा परवाना घेतला, आणि विकल्या जाणाऱ्या प्रिंटरांमागे मिळणाऱ्या परवाना शुल्कावर कंपनीचे बस्तान बसले. या उत्पन्नाची रचना पुढच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रिंटर वापरणाऱ्या माणसाला अ‍ॅडोबीचे नावही ठाऊक असण्याची गरज नव्हती. पैसे उत्पादकाकडून येत होते आणि उपयोग असंख्य अनोळखी लोकांना होत होता. एका पक्षाने वापरावे आणि दुसऱ्या पक्षाने पैसे द्यावेत, ही व्यवस्था कंपनीच्या अंगवळणी आधीच पडलेली होती.

दुसरा धडा कडू होता. पोस्टस्क्रिप्टसाठीच्या ‘टाइप १’ या फॉन्ट पद्धतीचे तपशील अ‍ॅडोबीने गुप्त ठेवले होते आणि त्या गुप्ततेच्या जोरावर ती चांगले पैसे मिळवत होती. १९८९ मध्ये अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन पर्यायी फॉन्ट पद्धत आणण्याची घोषणा केली. हीच पुढे ट्रूटाइप म्हणून ओळखली गेली. अ‍ॅडोबीने मग टाइप १ चे तपशील १९९० मध्ये जाहीर करून टाकले, पण तोवर प्रतिस्पर्धी पद्धत जन्माला आली होती. एखादी गोष्ट सर्वांना लागते आणि तिची किल्ली एकाच्याच हातात आहे अशी स्थिती निर्माण झाली, की बाकीचे सगळे मिळून दुसरे कुलूप बनवतात, हे कंपनीने स्वतःच्या खर्चाने शिकले. पीडीएफच्या तांत्रिक तपशिलांच्या बाबतीत तिने पहिल्या दिवसापासून वेगळी भूमिका घेतली, त्यामागे हा अनुभव असावा असे मला वाटते.

पेच

१९९० च्या दशकाच्या आरंभी वॉरनॉक यांनी ‘कॅमलॉट’ या नावाने एक छोटे टिपण लिहिले. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही प्रोग्रॅममध्ये तयार झालेला दस्तऐवज दुसऱ्या कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा आणि कोणत्याही प्रिंटरवर तसाच छापला जावा, ही त्यातील कल्पना होती. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पाठवणाऱ्याकडे असलेला फॉन्ट घेणाऱ्याकडे नसे, ओळी दुसरीकडेच तुटत, तक्ते विस्कटत, आणि शेवटी लोक कागद छापून फॅक्सने पाठवत. या टिपणातून जे स्वरूप घडले तेच पीडीएफ.

अ‍ॅक्रोबॅटच्या पहिल्या आवृत्तीत पीडीएफ बनवण्यासाठी डिस्टिलर नावाचा प्रोग्रॅम होता. त्याची वैयक्तिक आवृत्ती सुमारे ६९५ डॉलरना आणि नेटवर्कवर वापरायची आवृत्ती सुमारे २,४९५ डॉलरना मिळत होती. वाचण्यासाठी रीडर वेगळा घ्यावा लागे. विक्री मंद राहिली. फायली मोठ्या होत्या, मोडेम सावकाश चालत, त्या वेळचे संगणक पीडीएफ पडद्यावर उमटवताना धापा टाकत, आणि पहिल्या आवृत्तीच्या पीडीएफमधून बाहेरच्या दुव्यावर जाण्याची सोयही नव्हती. ‘कॉमन ग्राउंड’, ‘रेप्लिका’ आणि ‘एन्व्हॉय’ अशी स्पर्धक स्वरूपे त्याच सुमारास बाजारात होती, आणि त्यांतील कॉमन ग्राउंडमध्ये तर दस्तऐवजाच्या फाइलमध्येच एक छोटा वाचक-प्रोग्रॅम घालून पाठवण्याची सोय होती. घेणाऱ्याला काहीही विकत घ्यावे लागू नये, हे अ‍ॅडोबीच्या आधी तिच्या स्पर्धकांना उमगले होते, ही गोष्ट या कथेच्या लोकप्रिय आवृत्तीतून सहसा गळते. अ‍ॅडोबीच्या संचालक मंडळाचा कल हे उत्पादन बंद करण्याकडे होता, असे वॉरनॉक यांनी नंतर सांगितले आहे.

किंमत कुठे अडत होती

पन्नास डॉलर ही रक्कम त्या काळच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या मानाने मोठी नव्हती. तरीही तिच्यामुळे सगळे अडले, आणि ते का, हे समजण्यासाठी एका संस्थेचे गणित मांडून पाहावे.

समजा, एखाद्या संस्थेला आपली माहितीपुस्तिका हजार लोकांपर्यंत पीडीएफ स्वरूपात पोहोचवायची आहे. डिस्टिलरचा खर्च ती एकदाच करील आणि छपाई व टपाल वाचल्यामुळे तो भरूनही काढील. परंतु हजार वाचकांनी प्रत्येकी ५० डॉलरचा रीडर घ्यायचा म्हटले, की तो आकडा ५०,००० डॉलर होतो. म्हणजे महागातल्या महाग डिस्टिलरच्या वीसपट. हा भार वाचक उचलणार नाही, कारण त्याला पुस्तिकेची जेवढी गरज आहे त्याहून ती वाचली जावी ही गरज संस्थेला अधिक आहे, आणि तीच पुस्तिका कागदावर त्याला फुकट मिळत होती. भार संस्थेने उचलायचा तर पीडीएफ वापरण्याचे कारणच संपते.

यावर एक मधला मार्ग सुचतो: रीडर वाटण्याचा हक्क अ‍ॅडोबीने प्रकाशकांना घाऊक दराने विकावा. कागदावर हा मार्ग निर्दोष दिसतो. त्यातली खोच अशी, की एका प्रकाशकाने आपल्या वाचकाच्या संगणकावर रीडर बसवून दिला, की त्या रीडरचा फायदा जगातील बाकी सर्व प्रकाशकांना आयता मिळतो; त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याने खर्च करावा म्हणून वाट पाहत बसतो. बसवलेला प्रत्येक रीडर ही सर्व प्रकाशकांची सामाईक सोय होती, आणि सामाईक सोयीचा खर्च करायला एकटा प्रकाशक तयार होत नाही. सर्वच रीडरांपासून लाभ होणारा एकच पक्ष या व्यवहारात होता, आणि तो म्हणजे फाइल बनवण्याचे साधन विकणारी अ‍ॅडोबी स्वतः. म्हणून ती सोय उभारण्याचा खर्च तिनेच पदरचा करणे हे हिशेबाला धरून होते. मी या निर्णयाला उदारपणा म्हणणार नाही, धाडसही म्हणणार नाही. लाभ ज्याच्याकडे एकवटतो त्यानेच खर्च करावा, एवढेच त्यात घडले. नवल वाटायचेच तर कंपनीला हे पहिल्या दिवशी सुचले नाही याचे वाटावे.

या हिशेबाला आणखी एक आधार होता. रीडरची एक जादा प्रत देण्याचा खर्च नगण्य होता, आणि तो नगण्य खर्चसुद्धा बहुतेक वेळा दुसरेच कोणी उचलत होते. सॉफ्टवेअर आणि यंत्रसामग्री विकणाऱ्या कंपन्या आपल्या जाडजूड माहितीपुस्तिका छापण्याऐवजी सीडीवर पीडीएफ रूपात देऊ लागल्या आणि त्याच सीडीवर रीडरही घालू लागल्या. अमेरिकेच्या करखात्याने १९९० च्या दशकाच्या मध्यात आपले फॉर्म पीडीएफमध्ये उपलब्ध केले. करदात्याला फॉर्म हवा, म्हणून रीडर हवा, असा तो क्रम होता. जाहिरातीवर कितीही पैसे ओतून कंपनीला ही पोहोच मिळाली नसती.

येथे उलट दिशेचे एक उदाहरण ठेवण्यासारखे आहे. १९९२ मध्ये ब्रिटनमधील हूव्हर कंपनीने आपल्या वस्तूंवर किमान १०० पौंड खर्च करणाऱ्या ग्राहकाला अमेरिकेची दोन परतीची विमान तिकिटे देऊ केली. प्रत्येक तिकिटाचा खर्च खरा होता आणि तो हूव्हरच्याच खिशातून जाणार होता. लोकांनी तिकिटांसाठीच वस्तू घेतल्या, योजनेने सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका दिला, न्यायालयीन दावे पुढे कित्येक वर्षे चालले, आणि १९९५ मध्ये हूव्हरचा युरोपातील व्यवसाय विकला गेला. दोन्ही ठिकाणी ‘फुकट’ हाच शब्द वापरला गेला, परंतु एका ठिकाणी फुकट घेणारा प्रत्येक नवा माणूस विकाऊ वस्तूचे मोल वाढवत होता, तर दुसऱ्या ठिकाणी तो फक्त खर्च वाढवत होता.

सीमारेषा

मोफत देण्याच्या निर्णयाची चर्चा बहुधा काय दिले याभोवती फिरते. या प्रकरणात अधिक बारकाईचे काम काय राखून ठेवायचे हे ठरवण्यात होते, आणि ती रेषा कंपनीला पुढच्या वीस वर्षांत पुन्हा पुन्हा आखावी लागली.

आरंभीची रेषा सरळ होती: वाचणे आणि छापणे मोफत, बनवणे आणि बदलणे विकत. वाचणारे असंख्य आणि पैसे द्यायला नाखूश. बनवणारे मोजके, पण कामासाठी पैसे मोजणारे. पुढे फॉर्म आले आणि रेषा धूसर झाली. फॉर्म भरणारा माणूस वाचक की लेखक? अ‍ॅडोबीने बराच काळ असे उत्तर दिले, की मोफत रीडरमध्ये फॉर्म भरता येईल, छापताही येईल, पण भरलेला फॉर्म जतन करता येणार नाही. ती सोय हवी असेल तर फॉर्म काढणाऱ्या संस्थेने वेगळे, महागडे सॉफ्टवेअर घेऊन त्या विशिष्ट फाइलपुरता हक्क खुला करून द्यावा. तत्त्व जुनेच होते, म्हणजे पैसे पाठवणाऱ्याने द्यायचे. तरीही पाच पाने भरून झाल्यावर ‘हा फॉर्म जतन करता येणार नाही’ अशी सूचना ज्याने पाहिली, त्याच्या लेखी तो कंपनीचा कोतेपणाच होता. मला ही रेषा व्यापारी दृष्ट्याही चुकलेली वाटते. ज्या अडवणुकीमुळे पैसे देणाऱ्याऐवजी न देणारा दुखावतो, तिच्यातून विक्री थोडी होते आणि पर्यायांचा शोध मात्र नक्की सुरू होतो. २०१२ मधील रीडरच्या अकराव्या आवृत्तीत ही अट सैल झाली, परंतु तोपर्यंत इतर कंपन्यांचे वाचक-प्रोग्रॅम लोकांच्या हाताशी आले होते.

स्वरूपही खुले

रीडर मोफत देण्याहून मोठे दान वेगळेच होते आणि त्याची चर्चा कमी होते. पीडीएफचे तांत्रिक वर्णन अ‍ॅडोबीने १९९३ पासूनच प्रसिद्ध केले होते आणि ते वाचून कोणालाही पीडीएफ बनवणारा किंवा उघडणारा प्रोग्रॅम लिहिण्याची मुभा होती. म्हणजे कंपनी जो डिस्टिलर शेकडो डॉलरना विकत होती, त्याला स्पर्धक उभे करण्याची सामग्री ती स्वतःच वाटत होती. जानेवारी २००७ मध्ये तिने पुढचे पाऊल उचलून पीडीएफचे संपूर्ण वर्णन आंतरराष्ट्रीय मानकासाठी सादर केले, आणि जुलै २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्यासाठी आवश्यक पेटंटचा वापरही शुल्काविना करू देण्यात आला.

हे कशासाठी, असा प्रश्न भागधारकाला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर ग्राहकाच्या भीतीत आहे. न्यायालय, अभिलेखागार किंवा करखाते जेव्हा आपले दस्तऐवज एखाद्या स्वरूपात साठवायचे ठरवते, तेव्हा त्याला पुढची पन्नास-शंभर वर्षे ते उघडता येतील याची खात्री हवी असते. ते स्वरूप एका कंपनीच्या मर्जीवर आणि आयुष्यावर अवलंबून असेल, तर ती खात्री मिळत नाही. दीर्घकालीन जतनासाठीची पीडीएफ/ए ही आवृत्ती २००५ मध्येच आयएसओ मानक झाली होती, यावरून ही चिंता किती खरी होती ते दिसते. रीडर मोफत असल्यामुळे वाचकाची हरकत संपली, वर्णन खुले असल्यामुळे संस्थेची हरकत संपली. माझ्या मते या दोहोंतील दुसरी गोष्ट अधिक निर्णायक ठरली.

याला याच कंपनीच्या घरातला पुरावा आहे. २००५ मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया ही कंपनी विकत घेतली आणि तिच्यासोबत फ्लॅश हे वेबपानांवर हलती चित्रे आणि खेळ दाखवणारे तंत्रज्ञान आले. फ्लॅशची रचनाही तीच होती: पाहण्यासाठीचा प्लेयर मोफत, बनवण्याचे साधन विकत. एके काळी जवळजवळ प्रत्येक संगणकावर तो प्लेयर होता, म्हणजे मोफत वाटपाने द्यायचे ते सगळे यश फ्लॅशला मिळाले होते. परंतु तो चालवायचा कसा, सुधारायचा कधी आणि कोणत्या उपकरणावर आणायचा, याचे निर्णय शेवटपर्यंत एकाच कंपनीच्या हाती राहिले. अ‍ॅपलने तो आयफोनवर येऊ दिला नाही, ब्राउझरांनी तीच कामे खुल्या मानकांद्वारे करायला सुरुवात केली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने प्लेयरला दिला जाणारा आधार थांबवला. दोघांच्या वाटेत इतरही फरक होते हे खरे. फ्लॅश हा चालणारा प्रोग्रॅम होता आणि पीडीएफ हे मुख्यतः पान होते, त्यामुळे फोनच्या बॅटरीवर आणि सुरक्षिततेवर पडणारा त्यांचा भार सारखा नव्हता. तरीसुद्धा मोफत वाटप हेच यशाचे कारण मानणाऱ्याला फ्लॅशचा शेवट समजावून सांगता येणार नाही.

दात्याचा संकोच

खुलेपणाची कसोटी २००६ मध्ये लागली. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये दस्तऐवज थेट पीडीएफ म्हणून जतन करण्याची सोय अंतर्भूत करण्याचे ठरवले. अ‍ॅडोबीने आक्षेप घेतला. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार, ती सोय मूळ उत्पादनातून वेगळी काढून तिला स्वतंत्र किंमत लावावी, अशी अ‍ॅडोबीची मागणी होती. अखेर मायक्रोसॉफ्टने ती सोय मूळ उत्पादनातून काढून वेगळी, पण मोफतच, डाउनलोड करण्यासाठी ठेवली, आणि २००९ मधील सुधारणेबरोबर ती ऑफिसमध्ये समाविष्टही झाली.

हा प्रसंग किंचित विनोदी आहे. ज्या वर्णनाचा वापर करायला सर्वांना मोकळीक दिली होती, त्याचा वापर सर्वांत मोठ्या शेजाऱ्याने केल्यावर दाता अस्वस्थ झाला. त्याची अस्वस्थता अनाठायी नव्हती. ओपनऑफिसमध्ये पीडीएफ बनवण्याची सोय आधीच होती, अ‍ॅपलच्या संगणकांवर ती छपाईच्या खिडकीतच मिळत होती, पण त्या दोहोंनी अ‍ॅक्रोबॅटच्या खपाला मोठा धक्का दिलेला नव्हता. कार्यालयांमध्ये सर्वत्र असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय फुकट येणे ही निराळी गोष्ट होती. १९९४ मध्ये आखलेली ‘वाचणे मोफत, बनवणे विकत’ ही रेषा येथे कायमची पुसली गेली, कारण बनवणेही आता मोफत झाले होते. यातून कंपनी सावरली, कारण दरम्यानच्या काळात तिने विकण्यासारखे दुसरे बरेच काही उभे केले होते: फायली एकत्र करणे, मजकूर दुरुस्त करणे, गोपनीय भाग कायमचा झाकणे, छापखान्यासाठी तपासणी करणे, स्वाक्षरी घेणे. मोफत मिळणाऱ्या गोष्टींची हद्द दर काही वर्षांनी वर सरकते आणि विकणाऱ्याला तिच्या पुढे राहावे लागते. एकदा रेषा आखून स्वस्थ बसण्याची सोय या व्यवहारात नाही.

मोफत वस्तूचा देखभालखर्च

रीडरची एक जादा प्रत देण्याचा खर्च नगण्य होता असे वर म्हटले आहे. सर्व प्रतींची जबाबदारी वाहण्याचा खर्च मात्र नगण्य नव्हता, आणि हा भाग मोफत वाटपाच्या हिशेबांतून सर्रास वगळला जातो.

जवळजवळ प्रत्येक संगणकावर असलेला प्रोग्रॅम हल्लेखोरांच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचे लक्ष्य असतो. २००९ च्या सुमारास रीडरमधील त्रुटी वापरून, साध्या दिसणाऱ्या पीडीएफ फाइलमधून संगणक ताब्यात घेण्याचे प्रकार वाढले. अ‍ॅडोबीला त्या वर्षी दर तिमाहीला सुरक्षा सुधारणा देण्याचे वेळापत्रक जाहीर करावे लागले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या रीडरच्या दहाव्या आवृत्तीत फाइलला बंदिस्त कप्प्यात उघडणारी संरक्षित पद्धत घालावी लागली. या साऱ्या अभियांत्रिकीचा खर्च अशा वापरकर्त्यांसाठी होता, ज्यांच्यापैकी बहुसंख्यांनी कंपनीला कधीही एक डॉलर दिलेला नव्हता आणि देणारही नव्हते. ते काम टाळण्याची मुभाही नव्हती, कारण रीडरवरचा विश्वास उडाला असता तर पीडीएफवरचा उडाला असता, आणि पीडीएफवरचा उडाला असता तर विकाऊ अ‍ॅक्रोबॅटचा आधारच गेला असता. विकलेल्या वस्तूची हमी ठरावीक मुदतीची असते. फुकट वाटलेल्या आणि सर्वत्र पसरलेल्या वस्तूच्या जबाबदारीला अशी मुदत नसते.

ही जबाबदारी अ‍ॅडोबीला पेलली, कारण तिच्याकडे दुसरीकडचे पैसे होते. १९९० च्या दशकात पोस्टस्क्रिप्टचे परवाना शुल्क आणि फोटोशॉपसारख्या उत्पादनांची विक्री यांतून येणाऱ्या पैशांवर अ‍ॅक्रोबॅट तग धरून राहिले. केवळ रीडर आणि डिस्टिलर एवढीच उत्पादने असलेली, बाहेरून भांडवल न मिळालेली कंपनी असती, तर मोफत रीडरचा हाच अचूक निर्णय घेऊनही ती फळ येण्यापूर्वी बुडाली असती अशी दाट शक्यता आहे. स्पर्धकांचे काय झाले हे पाहिले की ही शक्यता कोरी अटकळ राहत नाही. घेणाऱ्याला काहीही विकत घ्यावे न लागण्याची युक्ती ज्यांना आधी सुचली, त्यांची स्वरूपे आज कोणी वापरत नाही.

श्रेयाचा हिशेब

मोफत रीडरला किती श्रेय द्यायचे, हे ठरवताना काळाचा योगायोगही मोजावा लागतो. रीडर मोफत झाला त्याच सुमारास वेबचा प्रसार सुरू झाला. पीडीएफमध्ये वेबवरील दुव्यांची सोय आली, आणि १९९६ मधील अ‍ॅक्रोबॅटच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पीडीएफ ब्राउझरच्या खिडकीतच उघडू लागली. वेब नसती तर रीडर फ्लॉपी आणि सीडीवरून पसरला असता, पण त्याला कितीतरी जास्त वर्षे लागली असती, आणि संचालक मंडळाचा संयम तेवढा टिकला असता का, याची शंका आहे. उलट बाजूने पाहिले तर वेब आली तेव्हा रीडरला ५० डॉलर किंमत असती, तर पीडीएफ त्या लाटेवर स्वार झालीच नसती. म्हणून मोफत देण्याने यश आले असे न म्हणता, मोफत देण्याने योगायोगाचा फायदा घेण्याची पात्रता आली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

व्यापारी फळाचा आकडाही येथे नोंदवायला हवा. २०१५ मध्ये अ‍ॅडोबीने अ‍ॅक्रोबॅट आणि संबंधित सेवा ‘डॉक्युमेंट क्लाउड’ या नावाखाली वर्गणीच्या स्वरूपात आणल्या. २०२४ च्या आर्थिक वर्षात या विभागाचे उत्पन्न सुमारे ३.१८ अब्ज डॉलर होते, तर कंपनीचे एकूण उत्पन्न सुमारे २१.५ अब्ज डॉलर. मोठे उत्पन्न आहे, परंतु पीडीएफचा वापर जितका सार्वत्रिक आहे त्याच्या तुलनेत ते माफकच म्हणावे लागेल. पीडीएफमुळे जगाचा जो वेळ, कागद आणि मनस्ताप वाचतो, त्याचा फारच लहान वाटा तिच्या निर्मात्याच्या पदरात पडतो. खुल्या वर्णनाची ती किंमत आहे. मात्र वर्णन बंद ठेवले असते तर मोठा वाटा मिळाला असता हे अनुमान घाईचे ठरेल, कारण मग वाटा मागायला एवढे मोठे काही उभेच राहिले नसते.

आजची स्थिती

क्रोमने २०१० मध्ये आणि फायरफॉक्सने २०१३ मध्ये स्वतःचा पीडीएफ-वाचक ब्राउझरमध्येच बसवला, आणि फोनवरही पीडीएफ उघडण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. ‘वाचता येणे’ ही जी वस्तू अ‍ॅडोबीने १९९४ मध्ये मोफत देऊ केली होती, ती देण्याची आज कोणाला गरजच उरलेली नाही. तरीही कंपनी रीडर बंद करत नाही, आणि त्याचे कारण रीडर उघडताच समजते: मजकूर बदला, स्वाक्षरी मागवा, फाइलचे रूपांतर करा, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाला प्रश्न विचारा, अशी बटणे ठिकठिकाणी दिसतात आणि त्यांतील बरीच दाबली की वर्गणीचे पान येते. पूर्वी रीडरचे काम पीडीएफ बनवणाऱ्याला वाचक मिळवून देण्याचे होते आणि पैसे बनवणाऱ्याकडून येत होते. आता रीडर वापरणाऱ्यालाच ग्राहक करण्याचा प्रयत्न आहे. नाव तेच, किंमत तीच, व्यवहार मात्र पूर्ण वेगळा. पहिल्या व्यवहारात वाचकाला काहीही न विकण्यात कंपनीचे हित होते. दुसऱ्यात रीडर जितका गजबजेल तितकी तात्पुरती विक्री वाढेल, आणि ज्याला फक्त एक फाइल वाचायची आहे असा माणूस तितक्याच लवकर ब्राउझरकडे वळेल. या दोन ओढींमध्ये कंपनी रेषा कुठे आखते, याचे उत्तर तिच्या पुढच्या काही वर्षांच्या आकड्यांत दिसेल.